मेलेल्या माणसांचे हक्क

मराठी माणसाच्या मनातला माधवराव पेशवा रणजित देसाईंचा आहे, सदाशिवरावभाऊ विश्वास पाटलांचा आणि संभाजीराजा शिवाजी सावंतांचा. ‘स्वामी’ १९६२ साली आली, ‘पानिपत’ १९८८ साली. भाऊंवर लागलेला हेकेखोरपणाचा डाग पुसण्यासाठी इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी जे कष्ट उपसले, ते सर्वसामान्य वाचकापर्यंत बरेचसे कादंबरीच्याच वाटेने पोचले. ही या वाङ्मयप्रकाराची ताकद आहे. जबाबदारीही तिथूनच सुरू होते, आणि तिच्याबद्दल आपल्या समीक्षेने फार कमी लिहिले आहे. भाषा झेपली का, पात्रे ठसठशीत उतरली का, काळ उभा राहिला का, एवढे विचारून ती थांबते. ज्याला आता उत्तर देता येत नाही त्याच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार लेखकाला किती, हा प्रश्न तसाच राहतो.

प्रश्न जुना आहे. माणूस गेल्यावर त्याचे भलेबुरे होऊ शकते का, असे ॲरिस्टॉटलने विचारले होते आणि ‘नाही’ म्हणून मोकळे होणे त्याला जमले नव्हते. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनने १९४० साली, स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी, बजावले की शत्रू जिंकत राहिला तर मेलेलेही सुरक्षित राहत नाहीत. आपला कायदा मृताच्या बदनामीला गुन्हा मानतो, पण मागे राहिलेल्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तरच. म्हणजे दाद मागायची ती वंशजांनी. ज्याला वंशज नाहीत, किंवा ज्याच्या वंशजांना आवाज नाही, त्याने काय करायचे?

संभाजीराजांचेच पाहा. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारले. त्यांची जी प्रतिमा पुढच्या पिढ्यांच्या मनात रुजली, ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने घडवली. बखर लिहिली गेली १८१० च्या सुमारास, मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. लिहिणारा बाळाजी आवजींचा वंशज. कटाच्या आरोपावरून १६८१ साली संभाजीराजांनी ज्यांना देहदंड दिला, ते हे बाळाजी आवजी. घरातली जखम कागदावर उतरली असेल तर त्यात नवल नाही. नवल याचे की हा साक्षीदार कोण आणि आरोपीशी त्याचे नाते काय, हा कोर्टातला नवशिका वकीलही विचारील असा प्रश्न आपल्या नाटककारांना कित्येक दशके पडला नाही. व्यसनी, संतापी, बाईच्या नादी लागलेला युवराज त्यांना आयताच मिळाला होता. राम गणेश गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले नाटक ‘राजसंन्यास’ याच समजुतीवर उभे आहे. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मला या परंपरेत वेगळे वाटते. साधने तीच, पण बाप आणि लेक एकमेकांना का पोचू शकत नाहीत याचा शोध त्यात आहे. निवाड्याची घाई नाही.

वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याचा मोठा भाग कागदपत्रे धुंडाळण्यात घालवून १९६० साली संभाजीचरित्र प्रसिद्ध केले. पुढे कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा राजा हळूहळू दिसू लागला. हे संशोधकांनी केलेले ऋणमोचन होते आणि त्याबद्दल मराठी समाजाने कायम कृतज्ञ राहायला हवे. पण ते कलेत उतरले तेव्हा काटा दुसऱ्या टोकाला गेला. दुर्गुणांचा पुतळा होता तिथे सद्गुणांचा पुतळा बसला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा ‘राजसंन्यास’च्या रागातून रातोरात उखडून नदीत टाकला गेला. म्हणजे एका मृताच्या अब्रूची भरपाई दुसऱ्या मृताकडून वसूल झाली. नाटकाला उत्तर नाटकाने द्यायचे असते. गडकऱ्यांचे चुकले हे मी निःसंकोच म्हणेन, पण त्यांना चूक करण्याचाही अधिकार होता.

त्याहून गंभीर बाब अशी की एकाला निर्दोष ठरवण्यासाठी दुसरा दोषी लागतो. संगमेश्वरी राजे पकडले गेले, तेव्हा कुणीतरी फितुरी केली असलीच पाहिजे. लोकमानसाने आणि कलेने बोट दाखवले ते गणोजी शिर्क्यांकडे, येसूबाईंच्या भावाकडे. त्यांच्याविरुद्धचा पुरावा निर्णायक आहे की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २०२५ च्या ‘छावा’ चित्रपटात शिर्के बंधू उघड खलनायक झाले, शिर्के घराण्यातल्यांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे चिटणिसांच्या बखरीने संभाजीराजांचे जे केले, तेच त्यांच्या गौरवासाठी निघालेल्या कलाकृतीने दुसऱ्याचे केले. सोयराबाईंच्या वाट्याला तर दिलगिरीही येत नाही. विषप्रयोग करणारी सावत्र आई हा साचा इतका घट्ट बसला आहे की पुरावा मागण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

कादंबरीकाराचा कस लागावा अशी एक जागा या कथेत आहे: भूपाळगड. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला. गडावर हाती लागलेल्या सातशे लोकांचा एकेक हात तोडल्याची नोंद इतिहासग्रंथांत येते. हे आपलेच लोक होते, स्वराज्याचे. युवराज त्या वेळी मोगल छावणीत होता. पुढे तो परत आला, राजा झाला आणि ज्या तडफेने लढून मेला ते सगळे जग जाणते. हे दोन्ही एकाच माणसाचे आयुष्य आहे. मराठी लेखन इथे बहुधा खानाच्या क्रौर्यावर आणि युवराजाच्या पश्चात्तापावर भर देते, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. सातशेपैकी एकाच्याही घरी ते जात नाही. तुटल्या हाताने गावी परतलेल्या माणसाने दोन वर्षांनी नव्या राजाच्या राज्याभिषेकाची बातमी कशी ऐकली असेल? माझ्या मते राजाच्या मोठेपणाला याने बाध येत नाही. एवढे ओझे वागवून जो माणूस औरंगजेबासमोर वाकला नाही, तो डागरहित नायकाहून कितीतरी मोठा आहे.

मोठेपणाचे मोजमाप कसे करावे, याचा वस्तुपाठ आपल्याकडेच आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा या मोजक्या रोमहर्षक प्रसंगांनी शिवाजी महाराज झाकले जातात, असे ते म्हणतात. त्यांच्या लेखी मोठेपणाचा पुरावा निराळाच आहे: महाराजांच्या पश्चात औरंगजेब अफाट सैन्य घेऊन दक्षिणेत उतरला, राजा मारला गेला, खजिना उरला नाही, तरी सामान्य रयत दोन दशके लढत राहिली. लोकांना हे राज्य आपले का वाटले, हा प्रश्न कुरुंदकर विचारतात. इतिहास, राजकारण आणि नीती तिथे एकत्र येतात. देसाईंनी ही प्रस्तावना आपल्या कादंबरीला जोडली, हा त्यांचा मोठेपणा. मात्र पुढच्या ऐतिहासिक कादंबरीने तिच्यातले आव्हान फारसे अंगावर घेतले नाही.

त्या वाटेने कुणी चालले असेल तर ते ना. सं. इनामदार, आपल्या परीने. त्रिंबकजी डेंगळे, दुसरा बाजीराव, यशवंतराव होळकर: इतिहासाने ज्यांना नावे ठेवली तेच त्यांनी नायक म्हणून निवडले. ‘शहेनशहा’त तर त्यांनी औरंगजेबाच्या मनात पाऊल टाकले. त्याला माफ केले नाही. तो कसा घडला आणि शेवटी किती एकटा उरला ते दाखवले. शत्रूलाही माणूस म्हणून पाहणे हा देशद्रोह नव्हे, एवढी समज तेव्हाच्या वाचकाकडे होती. ‘छावा’ चित्रपट पाहून भावना भडकल्या, अशी चर्चा २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरच्या दंगलीनंतर झाली. त्या हवेत ‘शहेनशहा’चे हस्तलिखित आले असते तर किती प्रकाशक पुढे झाले असते, याचे उत्तर मला आशादायक वाटत नाही.

आणि नंदा खरे. त्यांची ‘अंताजीची बखर’ या सगळ्या परंपरेला आडवी जाते. तिचा निवेदक राजा नाही, सरदारही नाही. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांच्या काळात तिकडे वावरणारा एक सामान्य हेर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या त्या स्वाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांत पराक्रमाच्या आणि चौथाईच्या हिशेबात येतात. बंगालमध्ये त्या ‘बर्गी’ या नावाने आणि जळालेल्या गावांच्या आठवणीने उरल्या. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्रपुराण’ हे बंगाली काव्य लिहिले, त्यात आपल्या फौजांचे अत्याचार आहेत. आजही तिथल्या आया बर्गीचे नाव घेऊन लेकरांना झोपवतात. खऱ्यांची कादंबरी मराठी वाचकाला त्या गावांच्या बाजूने उभे करते. तिथे मेलेल्यांचे वंशज पुण्यात मोर्चा आणणार नाहीत, कुणा दिग्दर्शकाकडे दिलगिरी मागणार नाहीत. त्यांची बाजू मराठीत मांडायची तर ती मराठी लेखकानेच मांडायला हवी, आणि अंताजीनंतर ते काम जवळजवळ थांबलेच आहे.