श्वासाएवढी जागा

'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'चा विषय निघाला की लोक बोंगोबद्दल बोलतात, भगवानदादांच्या त्या जागच्या जागी पडणाऱ्या पावलांबद्दल बोलतात. दोन्हींचं कौतुक रास्तच आहे. मला मात्र या गाण्यातला बँड सगळ्यात मोठा वाटतो तो जिथे थांबतो तिथे. लताबाई आणि चितळकर यांच्या तोंडची ओळ छोट्या छोट्या तुकड्यांनी पुढे जाते. शब्द संपतो, गाणारा दम घेतो, तेवढ्या फटीत ताल आणि वाद्यं डोकं वर काढतात आणि पुढचा शब्द येण्याआधी बाजूला होतात. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा जामानिमा आहे. मनात आणलं तर हा ताफा कुणाचाही आवाज बुडवील. तो एका कोवळ्या आवाजाभोवती इतका जपून वावरतो, हे १९५१ साली हिंदी सिनेमात जमलं कसं?

एक धागा आमच्या विदर्भातच सापडतो. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर; वर आलेले गाणारे चितळकर तेच. जन्म नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, १९१८चा. पण गाण्याचं काही शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झालेलं. गायक वसंतराव देशपांडेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा, आणि यवतमाळची शकुंतला रेल्वे जायची ती मूर्तिजापूरलाच; त्यामुळे हे नाव आलं की आम्हा यवतमाळकरांना उगीचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. चित्रपटाचे नायक, निर्माते आणि दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, यांचा जन्मही अमरावतीचा, १९१३चा. वडील मुंबईत गिरणी कामगार. 'सुखी जीवन' या १९४२च्या चित्रपटात अण्णांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, संगीत देण्याची संधी मिळाली ती भगवानदादांमुळेच.

त्याआधी अण्णा मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवर साथ करत होते. 'शोला जो भडके' ऐकताना मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साथीला बसलेल्या माणसाचं निम्मं कसब धीर धरण्यात असतं. गायक जागा घेतोय तिथे आपण मध्ये यायचं नाही, त्याच्या आधी समेवर पोचायचं नाही, तो थांबला की पोकळी जाणवू द्यायची नाही. हे अंगात मुरलेला माणूस पुढे तीस वाद्यं घेऊन बसला, तरी त्याला गाणाऱ्याचा दम कुठे संपतो ते आधी ऐकू येणार.

दुसरा धागा गोव्यातून येतो. हळदोण्याचे अँतोनियो शाव्हिएर वाझ मुंबईच्या बँडच्या दुनियेत चिक चॉकलेट या नावाने गाजले. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचं दैवत. ट्रम्पेटचा सूर तसा, गाताना घोगरा आवाजही तसा. लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणत. त्या काळातल्या कितीतरी गोवेकर वादकांची सुरुवात चर्चच्या शाळेत झालेली असे. तिथे स्वरलिपी वाचायला शिकायचं, मग मुंबई गाठायची, धोबीतलावला गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि बँडमध्ये जागा शोधायची. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताज हॉटेलात आला, आणि आफ्रिकन-अमेरिकन जॅझ मुंबईला प्रत्यक्ष कानांनी ऐकायला मिळाला. मिकी कोरिया यांचा बँड तर ताजमध्ये १९३९ पासून १९६१ पर्यंत टिकला. इतकी वर्षं एका हॉटेलात टिकणं सोपं नव्हे. बँडलीडरला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून लय ठरवावी लागते, आज कोणतं गाणं आधी घ्यायचं ते ओळखावं लागतं, एखादा वादक आला नाही तर त्याची ओळ दुसऱ्याच्या वाद्यात बसवावी लागते, आणि महिनाअखेर सगळ्यांचे पैसेही बघावे लागतात.

रात्री हॉटेल आणि दिवसा स्टुडिओ, असं या वादकांचं आयुष्य होतं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर रात्रींची रया गेली आणि स्टुडिओचं महत्त्व वाढलं. चिक चॉकलेट अण्णांचे सहायक म्हणून काम करत होते. अण्णा पेटीवर चाल सांगत. तिच्याभोवती कुठलं वाद्य कुठे बोलेल, खालचे सूर कोण धरेल, ते कागदावर उतरवणं हे असल्या बँडमास्तरांचं काम. पडद्यावर नाव एका संगीतकाराचं येई. मला यात अण्णांचा मोठेपणा जराही कमी झालेला दिसत नाही; पण या गाण्यांचं कौतुक करताना दुसऱ्या माणसाचं नाव घ्यायचं राहून जातं, याची खंत वाटते.

फटीत वाजवण्याची ही विद्या चिक चॉकलेटपर्यंत आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डवरून पोचली असावी, आणि त्या रेकॉर्डवर ते काम एका ट्रोम्बोनवाल्याकडे होतं. किड ओरी हे त्याचं नाव. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचा स्वतःचा बँड होता. त्याचा कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर शहर सोडून गेला तेव्हा ओरीने त्याच्या जागी कोवळ्या वयाच्या आर्मस्ट्राँगला घेतलं. पुढे १९२५ मध्ये आर्मस्ट्राँगने 'हॉट फाइव्ह' उभा केला, तर ट्रोम्बोनवर ओरी. कालचा मालक आज साथीला बसला, आणि त्या रेकॉर्ड ऐकताना त्यात कुठेही कडवटपणा जाणवत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीत ट्रम्पेट चाल सांगतो, क्लॅरिनेट वरून नक्षी काढतं आणि ट्रोम्बोन खालून दोन ओळींमधली जागा सांधतो. ट्रोम्बोनला पडदे नाहीत, खटके नाहीत. नळी पुढे-मागे सरकवायची, तिचे सात टप्पे, आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सूर घसरत नेता येतो. पितळी वाद्यांत आपल्या मींडेच्या सर्वांत जवळ जाणारं हे वाद्य आहे. ओरी एका ओळीच्या शेवटावरून पुढच्या ओळीच्या उंबऱ्यापर्यंत असा सूर ओढत नेतो आणि तिथे ट्रम्पेटच्या हवाली करून थांबतो. मंदीच्या काळात या माणसाने वाद्य बाजूला ठेवून कोंबड्या पाळल्या, आणि १९४०च्या दशकात परत येऊन पुन्हा बँड उभा केला.

हे सारं मनात ठेवून 'अलबेला'कडे परतलं की ऐकणं बदलतं. ट्रम्पेट ही आर्मस्ट्राँगच्या घराण्यात राजाची जागा. चिक चॉकलेटचं वाद्य तेच. पण हिंदी गाण्यात राजाची जागा लताबाईंच्या आवाजाची आहे. म्हणजे हॉटेलात रोज रात्री चाल सांगणाऱ्या माणसाने स्टुडिओत आल्यावर ओरीच्या जागेवर बसायचं, सांधायचं काम करायचं. त्यातून तबकडीच्या एका बाजूवर मावणार जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. गायक आणि वादक एकाच वेळी गाणार-वाजवणार; नंतर कुणाचा आवाज कमी-जास्त करण्याची आजच्यासारखी सोय नाही. पितळी वाद्यं माइकपासून लांब उभी करायची, आणि बाकीचा तोल वादकाच्या फुंकरीवर. फुंकर जरा जास्त झाली तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या गाण्यातला संयम हा असा छातीतून आणि ओठांतून आलेला आहे, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

याच चित्रपटातल्या 'दीवाना परवाना'त चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड चक्क पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे अंगरखे घालून. एरवी स्टुडिओच्या भिंतीआड राहिलेली ही माणसं इथे आपल्यासमोर उभी आहेत. मी हे दृश्य पाहताना नायक-नायिकेकडे बघणं विसरतो.

आणि मग 'धीरे से आजा री'. तीच जोडगोळी, तोच चित्रपट, पण पिलू रागातली अंगाई. बँडचा झगमगाट इथे पूर्ण मागे घेतलेला आहे. अण्णांवर पाश्चात्त्य ठेक्यांचा शिक्का मारणाऱ्यांनी ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत. गाणाऱ्याच्या दमाभोवती रचना बांधायची, ही दृष्टी दोन्हीकडे एकच आहे. फक्त अंगाईत फट मोठी आहे आणि ती जवळजवळ रिकामी ठेवली आहे. माझ्या मते रिकामी ठेवणं हे भरण्यापेक्षा अवघड काम. चितळकरांचा आवाजही या चित्रपटात मला फार भावतो. लताबाईंशेजारी तो साधा, जरा जाडसर लागतो; पण तो कुठेही त्यांच्याशी स्पर्धा करायला जात नाही.

आमच्या यवतमाळात, किंवा दारव्हा-पुसदकडे, 'अलबेला'ची गाणी कित्येकांच्या कानी पहिल्यांदा पडली असतील ती वरातीत. बँडपार्टीने ती वाजवायला घेतली की मोठा पेच पडतो. गाणारं कुणी नाही, तेव्हा जी वाद्यं मूळ गाण्यात श्वासाची वाट बघत होती त्यांनाच आता लताबाईंची ओळ उचलावी लागते. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट चाल घेतं, चितळकरांचा जाड आवाज खालच्या पितळी वाद्याकडे जातो, आणि मधल्या फटी उरतात साइड ड्रमच्या वाट्याला. बरेच बँड तिथे नुसता कडकडाट करतात. आता धुमाल पार्ट्या आणि डीजे आले, त्यांत तर फटच ठेवत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण जाणता मास्तर असला तर तो सगळे ट्रम्पेट एकदम चालीवर सोडत नाही. एकाला मागे ठेवतो, ओळ संपली की तेवढ्यापुरतं वाजवायला सांगतो. चालत्या वरातीत, खड्डे चुकवत, समोर नाचणाऱ्यांचे हात तोंडाजवळच्या वाद्याला लागणार नाहीत हे सांभाळत, त्या वादकाला आपली पाळी मोजत राहावं लागतं.