मर्ढेकरांच्या संगीतिका आणि नादाचा प्रश्न

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांची वाङ्मयीन प्रतिमा मराठी समीक्षेने नवकवी व सौंदर्यमीमांसक या दोन भूमिकांभोवती उभी केली. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२), ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) या कादंबऱ्यांची नोंद प्रयोग म्हणून झाली. संगीतिका मात्र नोकरीच्या ओघातले लेखन ठरल्या. १९३८ पासून अखेरपर्यंत मर्ढेकर ऑल इंडिया रेडिओच्या सेवेत होते, हा तपशीलही चरित्रापुरताच उरला. वस्तुतः त्यांच्या सिद्धांताची कसोटी याच दुर्लक्षित लेखनात लागते.

वाङ्मयाचे माध्यम नाद नसून शब्दांचा भावनात्मक अर्थ होय आणि संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी त्या अर्थांची होणारी रचना म्हणजे लय, असे मर्ढेकरांचे प्रतिपादन आहे. ‘रात्रीचा दिवस’पुरते ते निर्वेध टिकते. जॉइसप्रणीत तंत्राच्या या कादंबरीत कथानकाची जागा संज्ञाप्रवाहाने घेतली आहे. दिक्पालच्या मनातले शब्द उच्चारले जात नाहीत. त्यांना श्रोता नाही. तुटलेला दुवा जोडण्यासाठी वाचकाला मागचे पान उलटता येते.

‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’ या संगीतिकांत स्थिती नेमकी उलट आहे. नभोवाणीच्या श्रोत्याला मागे वळता येत नाही. नेपथ्य नाही, मुद्राभिनय नाही. पात्राचे अस्तित्व त्याच्या आवाजाएवढेच. ओळ कोणत्या सुरात आणि किती विरामानंतर येते, यावर तिचा भावनात्मक अर्थ ठरतो. येथे नाद हे अर्थाचे केवळ वाहन राहत नाही, तो रचनेचा घटक होतो. सिद्धांताने माध्यमातून वगळलेली गोष्ट निर्मितीत अशी परत येते.

संगीतिका ही मिश्र कला आहे, सबब तिला शुद्ध वाङ्मयाचा निकष लावू नये, असा बचाव संभवतो. परंतु मग तिच्यातील लय कोणत्या माध्यमाची, हा प्रश्न उरतोच. शिवाय अभंग-ओवीच्या चालीचा आधार घेणारी मर्ढेकरांची कविताही तोच प्रश्न उपस्थित करते, आणि तिला मिश्र म्हणून बाजूला सारण्याची सोय नाही. संगीतिकांचे वाचन म्हणूनच मर्ढेकर-समीक्षेची पुरवणी ठरू नये. ते तिच्या केंद्रस्थानी यायला हवे.