मागे राहिलेली गाणी आणि दोन मूर

मृत कवीच्या पेटीत सापडलेले कागद आणि मृत गायकाच्या फितींवर सापडलेली गाणी यांच्याकडे रसिकवर्ग फार हळवेपणाने पाहतो. एखादी गोष्ट दुर्मीळ आहे एवढेच तिचे मूल्य होऊन बसते. संग्राहकाला ते पुरत असेल. चळवळीतल्या माणसाला पुरत नाही. जी गाणी गायकाच्या हयातीत बाहेर आली नाहीत, ती आज त्याच्या बांधिलकीबद्दल काय सांगतात, हे आपण विचारले पाहिजे. फिल ऑक्स या अमेरिकन गीतकार-गायकाच्या 'अ टोस्ट टू दोज हू आर गॉन' या ध्वनिमुद्रिकेचा येथे केलेला विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने आहे. 'जे गेले त्यांच्या नावे' असे तिचे मराठी नाव करता येईल. ऑक्सने १९७६ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आत्महत्या केली. ही ध्वनिमुद्रिका त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ साली निघाली. तीत आहेत ती १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, त्याने स्वतः कधीच प्रसिद्ध न केलेली ध्वनिमुद्रणे.

ऑक्स १९४० साली टेक्सासमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला. ओहायोच्या विद्यापीठात तो पत्रकारिता शिकत होता. ते शिक्षण अर्धवट सोडून १९६२ साली तो गिटार घेऊन न्यूयॉर्कला आला. पत्रकारितेची नजर मात्र सुटली नाही. १९६४ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'ऑल द न्यूज दॅट्स फिट टू सिंग', म्हणजे न्यूयॉर्क टाइम्सच्या ब्रीदवाक्याची त्याने केलेली मोडतोड. बॉब डिलनला जग ओळखते. ऑक्सला ओळखणारे थोडे, पण जे ओळखतात त्यांना त्याची गाणी तोंडपाठ असतात. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या सभांतून तो सतत गात राहिला. सरकारी गुप्तचर खात्याने त्याच्यावर शेकडो पानांची फाईल तयार केली. चिलीत १९७१ साली त्याची व्हिक्तोर हाराशी भेट झाली होती. १९७३ च्या लष्करी उठावात हाराला ठार मारल्यावर ऑक्सने न्यूयॉर्कमध्ये चिलीसाठी मोठी सभा भरवली. त्याच १९७३ साली दार-ए-सलाममध्ये लुटारूंनी त्याचा गळा दाबला आणि त्याचा आवाज कायमचा बिघडला. या ध्वनिमुद्रिकेतला आवाज त्या आधीचा, कोवळा आणि खात्रीचा आहे. एक गळा आणि एक गिटार, एवढाच सारा संच.

अशा गाण्यांचे घर कोणते होते, हे आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. १९६२ साली सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीसन या पतिपत्नीने न्यूयॉर्कमध्ये 'ब्रॉडसाइड' नावाचे नियतकालिक सुरू केले. पैसा नव्हता. अंक सायक्लोस्टाईलवर निघे. नवे गाणे लिहिणारी पोरे त्यांच्या घरी येत, टेपरेकॉर्डरसमोर गात, मग त्या फितीवरून शब्द आणि स्वर उतरवून घेतले जात. ऑक्सची सुरुवातीची बरीच गाणी या अंकांतूनच छापली गेली. प्रस्थापितांच्या मासिकांनी दार लावले म्हणून ज्यांनी स्वतःची नियतकालिके काढली, त्यांना या घरातले वातावरण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पण बातमीवरून रातोरात गाणे लिहिण्याच्या या पद्धतीचा तोटाही येथे ऐकू येतो. बिली सोल एस्टिस या टेक्सासच्या व्यापाऱ्याने अस्तित्वातच नसलेल्या खताच्या टाक्या गहाण टाकून लाखो डॉलर उचलले. १९६२ साली ते प्रकरण गाजले. त्याच्यावरचे गाणे गमतीचे आहे, पण बातमीबरोबर तेही शिळे झाले. डॉक्टरांच्या संघटनेवरचे गाणे त्या मानाने टिकले, कारण गरिबाच्या औषधपाण्याला विरोध करणारे डॉक्टर अजून शिळे झालेले नाहीत!

ध्वनिमुद्रिकेचा खरा गाभा वर्णसंघर्षावरची गाणी हा आहे. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने १९६२ साली मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला तेव्हा ऑक्सफर्ड गावात गोऱ्यांनी दंगल केली, दोन माणसे मेली, केंद्राला सैन्य पाठवावे लागले. ही हकीकत ऑक्स जवळजवळ पोवाड्याच्या रीतीने सांगतो. 'कलर्ड टाउन'मध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती येते, पण ती वर्णनाचा विषय म्हणून येते. रस्त्यावरून जाणाऱ्या सज्जन माणसाने मान वळवून पाहावे तसे ते पाहणे आहे. आपल्याकडच्या ग्रामीण कथांतून महारवाडा असाच येत असे. लेखकाची कणव खरी असते; पण कणव करणारा उभा असतो आणि ज्याची कणव करायची तो बसलेला असतो, हे काही बदलत नाही.

'विल्यम मूर' हे गाणे याहून फार वरचे आहे. मूर हा बाल्टिमोरचा गोरा पोस्टमन. वर्णभेद सोडून द्या अशी विनंती करणारे पत्र मिसिसिपीच्या गव्हर्नरला हातोहात देण्यासाठी तो टेनेसीहून एकटा पायी निघाला, आणि २३ एप्रिल १९६३ रोजी अलाबामात रस्त्याकडेला त्याला गोळी घालून मारले गेले. या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. ऑक्स येथे शहीदाची आरती ओवाळत बसत नाही. तो बोट ऐकणाऱ्याकडे वळवतो. खून कोणी केला, हे विचारणारा तूच त्यात आहेस, असे तो आपल्याच वर्णाच्या, आपल्याच वर्गाच्या श्रोत्याला सुनावतो. 'गोइंग डाउन टू मिसिसिपी'तही तो कृष्णवर्णीयाचा मुखवटा चढवत नाही. उत्तरेतला एक गोरा पोरगा दक्षिणेत जायला निघाला आहे, कदाचित परतणार नाही, आणि का जातो ते घरच्यांना सांगतो आहे, एवढेच त्यात आहे. स्वतःच्या जागेवरून बोललेले ते गाणे आहे, म्हणून ते खोटे वाटत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ऑक्स मिसिसिपीत गेलाही.

परंतु त्या उन्हाळ्याचा हिशेब गाण्याबाहेरही मांडायला हवा. मतदार नोंदणीच्या त्या मोहिमेसाठी उत्तरेतून हजारभर स्वयंसेवक गेले. त्यांतले बहुतेक गोरे विद्यार्थी होते. गोऱ्या पोरांच्या जिवाला धोका असला तरच देश मिसिसिपीकडे पाहील, हे संयोजकांना पुरते ठाऊक होते. २१ जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तिघांना मारले गेले. चेनी कृष्णवर्णीय, बाकीचे दोघे गोरे. सारा देश हादरला, शोधाला खलाशी आणि गुप्तचर लागले. हा शोध चालू असताना नदीच्या जुन्या पात्रात दुसऱ्याच दोघांची प्रेते मिळाली. हेन्री डी आणि चार्ल्स एडी मूर अशी त्यांची नावे. दोघे कृष्णवर्णीय, वय एकोणीस. क्लॅनच्या लोकांनी मे महिन्यातच त्यांना मारून पाण्यात बुडवले होते. ही ती माणसे नव्हेत असे समजल्यावर देशाचे लक्ष पुन्हा त्या तिघांकडे गेले. त्यांच्या खुनाच्या कटात सामील असलेल्या एकाला शिक्षा व्हायला २००७ साल उजाडले.

म्हणजे मूर दोन झाले. एका मूरचे गाणे या ध्वनिमुद्रिकेवर आहे, दुसऱ्या मूरचे नाही. ऑक्सवर हा आरोप करायचा नाही. मेडगर एव्हर्स या मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय नेत्यावर त्याने पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत गाणे दिले होते. पण एव्हर्स नेता होता, विल्यम मूर गोरा होता. जो नेता नाही आणि गोराही नाही, त्याच्या मरणाची बातमी होत नाही. आणि बातमीवर जगणारे गाणे बातमी नसलेल्या माणसापर्यंत कसे पोचणार? सहानुभूतीच्या साहित्याची मर्यादा आपण नेहमी भावनेच्या खोलीत शोधतो. माझ्या मते ती आधी माहितीत असते. कोणाचे मरण गाणाऱ्याच्या कानावर जाते, इथपासून तिची सुरुवात होते.

ऑक्सला हे काही अंशी कळत असावे. १९६६ साली त्याने 'लव्ह मी, आय ॲम अ लिबरल' हे उपहासगीत काढले. आपले हितसंबंध सांभाळून पुरोगामी राहणाऱ्यांची त्यात त्याने अशी सालटी काढली आहेत की आपल्याकडच्या कित्येक परिसंवादांच्या आरंभी ते वाजवावे. या ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्यांत तो उपहास अजून आलेला नाही. येथे पोरगा अजून विश्वासाने बोलतो आहे. चांगले लोक जमले की अन्याय हटेल, असे त्याला वाटते आहे. पुढे काय झाले हे माहीत असल्याने हा विश्वास ऐकवत नाही, आणि तरीही तो भाबडा म्हणून झटकून टाकता येत नाही.

'पॉल क्रम्प' या गाण्याबद्दल वेगळे लिहायला हवे. शिकागोच्या तुरुंगात फाशीची वाट पाहणाऱ्या या कृष्णवर्णीय कैद्याची फाशी १९६२ साली गव्हर्नरने रद्द केली. माणूस तुरुंगात बदलू शकतो, हा ऑक्सचा मुद्दा त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पण क्रम्प स्वतः लेखक होता. 'बर्न, किलर, बर्न' ही त्याची कादंबरी १९६२ मध्येच निघाली. ज्याच्यावर गाणे लिहिले गेले त्यानेही लिहिलेले आहे, अशी ही जागा आहे. ऑक्सच्या चाहत्यांपैकी किती जण गाण्यावरून कादंबरीकडे गेले असतील?

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. या दोन्ही वेळी आपला संवाद थेट त्या लोकांशी, त्यांच्या स्वतःच्या शब्दांशी होता. मधल्या सहृदय गोऱ्याची मध्यस्थी लागली नाही. म्हणून अभ्यासवर्गात ऑक्स ऐकवायचा असेल तर तो एकटा ऐकवू नये. १९६२ साली जॉर्जियातल्या ऑल्बनी येथील आंदोलनातून निघालेले फ्रीडम सिंगर्स तुरुंगात म्हटलेली गाणीच मंचावर म्हणत. त्यांच्या गाण्यात 'मी का जातो' हे सांगावे लागत नाही, कारण ते तिथलेच आहेत. नीना सिमोनने १९६४ साली मिसिसिपीवर गायिलेल्या गाण्यात विनंतीचा सूरच नाही. ही दोन्ही आधी ऐकवावी आणि मग 'विल्यम मूर' लावावे. तेव्हा ऑक्सची जागा नेमकी कळते आणि ती लहानही वाटत नाही. कारण स्वतःच्या जातीला तोंडावर सुनावणारा गायक तिकडेही दुर्मीळच होता.

राहिलेल्या गाण्यांपैकी काही न काढली असती तरी चालले असते. 'नो ख्रिसमस इन केंटकी' मात्र चुकवू नये. शहरातल्या झगमगत्या रस्त्यावरची नाताळची खरेदी आणि केंटकीच्या खाणकामगाराचे उपाशी घर ऑक्स समोरासमोर ठेवतो. त्यात विरोधाभासाची युक्ती सरळ दिसते, पण गळा मध्येच जो कापतो तो युक्तीने कापलेला नाही.