हौसेला मोल असतं



आज आम्ही अलिबागकडून आलो. रेवसला लाँच धरली आणि करंजाला उतरलो. लाँचमध्ये शेजारी एक तरुण मुलगा होता. गळ्यात कॅमेरा, कानात गाणं, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर भरतीची वेळ. उरणच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला निघालाय म्हणाला. आम्हाला गंमत वाटली. संगीत, विज्ञान, पर्यावरण, नवं तंत्रज्ञान, चारही हौशी एकाच बाकावर बसल्या होत्या. आजच्या व्याख्यानाचा विषय तिथेच हाती लागला.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. ही म्हण आम्हाला अर्धीच खरी वाटते. हौसेला मोल असतंच. प्रश्न एवढाच, ते मोजतं कोण? हौशी माणूस स्वतः वेळ देऊन, चुका सुधारून मोजतो, की शेजाऱ्याच्या गळ्यात घालतो? कुठल्याही हौसेची पारख आम्ही याच प्रश्नाने करतो. चारही हौशींना आज तो विचारू.

सुरुवात गाण्यापासून, कारण हळदीच्या रात्री इथे दुसरं काही ऐकूच येत नाही. तुम्ही हसताय, म्हणजे अनुभव आहे! डीजेवर तुटून पडायला आम्ही आलेलो नाही. 'जुनं ते शुद्ध' हे आम्हाला मान्य नाही. कोळीगीतांबरोबर जो बेंजो वाजतो, त्याचं मूळ जपानमध्ये आहे. तैशोगोतो नावाचं वाद्य १९१२ साली तिथे तयार झालं, आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलं, पुढे त्याला वीज जोडली गेली आणि आपण त्याला बेंजो म्हणू लागलो. परदेशी वाद्य आपलं झालं, कारण कुणीतरी महिनोन् महिने बसून त्यावर आपली चाल बसवली. हौसेचं मोल वाजवणाऱ्याने मोजलं.

आता भिंतीएवढ्या स्पीकरचं बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ वरून ८५ वर गेलं, की तीस टक्के नव्हे, दीडपट नव्हे, हजारपट! हे मोल पाळण्यातलं पोर मोजतं, शेजारची आजारी आजी मोजते. आणि आणखी एक जण मोजते, धवलारीण. आगरी लग्नात विधी-विधीला धवले गाणारी ही बाई. तिचं गाणं कागदावर कमी आणि तोंडात जास्त. ते पुढच्या पिढीला मिळायचं तर शेजारी बसून ऐकावं लागतं. स्पीकरपुढे ते ऐकूच येत नसेल, तर शिकणार कोण? रात्री दहाला स्पीकर बंद करा हे कायदा सांगतोच. आम्ही एवढंच म्हणतो, धवले चालू असताना दिवसाही बंद करा.

आता विज्ञान. त्या मुलाने मोबाईलवर भरती बघितली, छान केलं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना मोबाईल लागत नव्हता. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, उत्तर येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. का जमतं हे? चंद्रामुळे भरती रोज सरासरी पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब पंचेचाळीस मिनिटं धरतो. तोंडी करायला सोपा, आणि होडी काढायला पुरेसा.

'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणून इथे टाळ्या घेता येतील. आम्ही घेणार नाही. कारण हिशेबात चूक आहे. रोजची थोडीथोडी तूट साचत जाते. पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, भरती मात्र बाराच्या आसपास असते. चूक कुठे आणि किती, हे ज्याला कळलं त्याला तो हिशेब खरा कळला. नुसती मान डोलावणारा आणि नुसता मोबाईल बघणारा, दोघंही पाण्याकडे बघत नाहीत. आमची तक्रार दोघांबद्दल आहे.

आम्ही जिकडून आलो, त्या अलिबागेत एक वेधशाळा आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची मापं बिघडणार. मग १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. हे काम नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली झालं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी मापं घेतली, म्हणजे जुन्या नोंदींची साखळी तुटायला नको. ट्राम १९०७ ला धावली. नव्या तंत्राचं मोल आधीच ओळखलं, आणि ते येण्यापूर्वी चुकतंही केलं. हल्ली आपण ट्राम आधी आणतो आणि वेधशाळेला नंतर विचारतो.

तिथून जवळच किहीम. १९३० साली सालिम अली तिथे राहत होते. हातात नोकरी नव्हती. जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते बसायचे आणि घरटी बघायचे. पावसाळाभर! त्यातून दिसलं ते असं: घरटं विणतो नर. अर्धवट घरटं मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. मग तो नर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

आपल्या सगळ्यांच्या मनातली सुगरण बहिणाबाईंची आहे, पिलांसाठी खोपा विणणारी आई. मग बहिणाबाई चुकल्या का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या कवितेतलं नवल, एवढ्याशा चोचीने केलेली एवढी कारागिरी, ते निरीक्षण पक्कं आहे. कविता माणसाला आरसा दाखवते, ते तिचं काम ती चोख करते. पण कविता पाठ झाली म्हणून पक्षी कळला असं समजणं, ही आपली चूक. सालिम अलींनी कवितेशी भांडण केलं नाही, ते झाडाशी जाऊन बसले. हौशीला आम्ही हेच सांगू, आवडतं त्याच्याजवळ बसा.

आता फ्लेमिंगो. त्या मुलाचे फोटो सुंदर येतीलच. पण हा पक्षी चोच उलटी धरून चिखलातलं पाणी गाळतो आणि त्यातल्या सूक्ष्म शेवाळावर जगतो. म्हणजे फ्लेमिंगो हवा तर चिखल हवा, चिखल हवा तर भरतीचं पाणी आत-बाहेर व्हायला हवं. त्याच चिखलात निवट्या, त्याच खाडीत चिंबोरी, आणि त्यावर कोळ्याची चूल. फोटोत मात्र गुलाबी तेवढं येतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या कामांमुळे उपजीविका गेलेल्या उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा निकाल दिला. खाडीला मोल असतं, हे अखेर आकड्यात लिहावं लागलं. पक्ष्यावर प्रेम आणि चिखलाची किळस, हे पर्यावरणप्रेम आम्हाला पुरेसं वाटत नाही.

शेवटी तंत्रज्ञान. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळेल याचा अंदाज देते. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. जीपीएस आहे, वादळाचा इशारा आहे, जीव वाचतात. हे नको म्हणणारा शहाणा नव्हे. पण रात्री प्रखर एलईडी लावून मासळी गोळा करायची, हीही तंत्राचीच करामत. पिल्लंसुद्धा त्या उजेडाला धावून येतात. २०१७ साली केंद्राने त्यावर बंदी आणली. दिवा एकाच्या बोटीवर आणि मोल सगळ्या बंदराचं. यंत्र आलं की आम्ही विचारतो, याने माझं कष्ट वाचलं, की दुसऱ्याचं उद्याचं जेवण आज संपलं?

मंडळी, वेळ झाली. जाताना एक काम देतो, रागावू नका. येत्या प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस इथल्या धक्क्यावर भरतीची खरी वेळ वहीत लिहा. शेजारी तिथीचा हिशेब लिहा, त्याच्या शेजारी मोबाईलची वेळ. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्याला सोबत घ्या. तो हिशेब तोंडी येणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि ती वही त्यांच्याशिवाय पुरी होणार नाही. वही भरली की आम्हाला बोलवा, आम्ही पुन्हा लाँचने येऊ. त्या दिवशी तुम्ही बोलायचं, आम्ही ऐकू.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.