प्रमाण घडण आणि पुरातन घडण : मार्टिन डी-२८ गिटारचा विचार

एखाद्या वाद्याची जुनी घडण नव्याने सिद्ध करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. प्राचीन ग्रंथाच्या संपादकाला तो पदोपदी भेटतो. ग्रंथकाराने लिहिलेला पाठ, परंपरेत बदलत आलेला पाठ आणि लोकांनी आपलासा केलेला पाठ या तीन भिन्न वस्तू होत, हे ध्यानात ठेवूनच त्याला निवड करावी लागते. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या डी-२८ या गिटारचे प्रमाण रूप आणि ‘व्हिंटेज’ म्हणून ओळखली जाणारी तिची पुरातन धर्तीची रूपे यांची तुलना करतानाही हाच विवेक आवश्यक ठरतो.

सॅक्सनीतून अमेरिकेत आलेल्या सी. एफ. मार्टिन या कारागिराने १८३३ साली न्यूयॉर्क येथे हा व्यवसाय आरंभिला; पुढे तो पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावला. रुंद कमरेचा व मोठ्या पेटीचा ‘ड्रेडनॉट’ आकार कंपनीने १९१६ साली प्रथम डिट्सन या विक्रेत्यासाठी घडविला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विक्रीस आणला. १९३४ साली दांडीचे १४ पडदे पेटीबाहेर असलेली डी-२८ सिद्ध झाली. पुढील काही वर्षांतील वाद्ये आज आदर्श मानली जातात. त्यांची तबली ॲडिरॉनडॅक स्प्रूसची असे; पाठ व बाजू ब्राझीलच्या रोजवुडच्या असत. तबलीखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य आधारपट्ट्यांचा छेदबिंदू ध्वनिरंध्रापासून सुमारे १ इंचावर असे, आणि त्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. खुंट्यांकडील आडपट्टीची रुंदी पावणेदोन इंच होती. तबलीच्या कडेने माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेली ‘हेरिंगबोन’ किनार धावत असे.

ही घडण एकाएकी नष्ट झाली नाही. ती एकेका अंगाने बदलत गेली. १९३८-३९ च्या सुमारास आधारपट्ट्यांचा छेदबिंदू मागे सरकला. १९३९ मध्ये आडपट्टी १ ११/१६ इंचांवर आली. १९४४ मध्ये पट्ट्या कोरणे थांबले. १९४७ च्या सुमारास हेरिंगबोन किनार लोपली. १९६९ पासून ब्राझीलच्या रोजवुडची जागा भारतीय रोजवुडने, म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांतही वाढणाऱ्या शिसवाने, घेतली. या बदलांची कारणे एकजातीय नाहीत, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. किनार गेली ती युद्धामुळे जर्मनीहून येणारा माल तुटल्याने. लाकूड बदलले ते ब्राझीलने न चिरलेल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर घातलेल्या बंधनांमुळे. पट्ट्या कोरणे मात्र विचारपूर्वक बंद करण्यात आले. वादक अधिक जाड तारा लावू लागले होते, आणि त्यांच्या ताणाखाली हलक्या पट्ट्यांची तबली टिकाव धरीना.

या शेवटच्या बदलामागील शास्त्र स्पष्ट आहे. पट्टीचा ताठरपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अर्थात उंची निम्मी केली तर त्या ठिकाणचा ताठरपणा अष्टमांशावर येतो. कोरलेल्या पट्ट्यांवरील तबली त्यामुळे सैल हलते व खर्जाचे स्वर भरदार उमटतात. पण तीच तबली ताणाखाली लवकर फुगते. प्रमाण डी-२८ ला मूळ घडणीचे भ्रष्ट रूप म्हणणे यास्तव अन्यायाचे आहे. स्वराचा थोडा विस्तार देऊन तिने आयुष्य घेतले.

पुरातनाकडे वळण्याचा क्रमही असाच अंशाअंशाचा आहे. १९७६ च्या एचडी-२८ मध्ये कोरलेल्या पट्ट्या आणि हेरिंगबोन किनार परतली. छेदबिंदू व अरुंद आडपट्टी मात्र नव्या वळणाचीच राहिली. १९९६ च्या एचडी-२८व्ही मध्ये पुढे सरकविलेला छेदबिंदू, पावणेदोन इंचांची आडपट्टी आणि दांडीचा कोनाकृती पाठभाग आला. तथापि त्याच दांडीत ताण कमीअधिक करता येणारी पोलादी सळई होती, जी मार्टिनच्या वाद्यांत १९८५ पूर्वी नव्हती. आणि पाठ शिसवाची होती. ‘डी-२८ ऑथेंटिक १९३७’ या रूपात जुन्या पद्धतीचा जनावरी सरसदेखील परत आला. तिच्या पुढील आवृत्तीत तर नियंत्रित उष्णतेने लाकूड पक्व करून तबलीला वयाचे गुण देण्यात आले.

मुख्य आक्षेप येथेच उद्भवतो. १९३७ च्या वाद्याचे पुनरुज्जीवन करावयाचे, तर ते त्या वर्षी दुकानातून बाहेर पडताना जसे होते तसे करावयाचे, की दीर्घकाळ वाजून व वाळून आज जसे झाले आहे तसे? जुने मोजमाप आणि जुना सरस पहिल्या हेतूची सेवा करतात. भाजलेले लाकूड दुसऱ्याची. एकाच वाद्यात दोन्ही एकत्र आले की १९३७ साली कोणी ऐकला नव्हता असा १९३७ चा स्वर तयार होतो. तिसराही एक पाठ आहे. क्लॅरेन्स व्हाइट व त्यानंतर टोनी राइस यांनी वाजविलेली १९३५ ची डी-२८ ही ब्लूग्रास संगीतातील सर्वांत ख्यातनाम गिटारांपैकी एक. तिचे ध्वनिरंध्र मूळ मापाहून मोठे केलेले होते. सांता क्रूझ या कंपनीने राइसच्या नावाने घडविलेल्या गिटारमध्ये मोठे रंध्रच आले. अनुकरण झाले ते मूळ पाठाचे नव्हे, प्रक्षिप्ताचे. आणि संगीताच्या दृष्टीने ते युक्तच होते, कारण रसिकांच्या कानी पडलेला पाठ तोच होता.

लाकडाच्या बाबतीत पुरातनाचा आग्रह सर्वांत तीव्र, पण त्याचा आधार सर्वांत दुबळा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात केवळ पाठीच्या व बाजूंच्या लाकडात भेद असलेल्या ६ गिटार ५२ वादकांना, त्या डोळ्यांना ओळखता येणार नाहीत अशा रीतीने, वाजवावयास दिल्या होत्या. त्यांत ब्राझीलचे रोजवुड आणि भारतीय शिसव ही दोन्ही होती. वादकांनी दिलेले गुण जवळजवळ सारखे निघाले. ब्राझीलच्या रोजवुडच्या व्यापारावर १९९२ पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे महत्त्व केवळ ध्वनिशास्त्रापुरते राहत नाही.

तेव्हा पुरातन घडणीचे मूल्यमापन ‘जुने किती’ या एका मापाने होऊ शकत नाही. परतलेले प्रत्येक अंग कान, हात व डोळा यांपैकी कोणासाठी परतले, हे पाहावयास हवे. किनार डोळ्यासाठी आहे, आडपट्टी बोटांसाठी, पट्ट्यांची घडण कानासाठी. आणि या शेवटच्या अंगाची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. या कसोटीवर २०१७ साली नव्याने सिद्ध झालेली प्रमाण डी-२८ विशेष लक्षणीय ठरते. तिने छेदबिंदू पुढे घेतला, आडपट्टी पावणेदोन इंचांची केली, पण पट्ट्या कोरल्या नाहीत. तिने १९३० च्या दशकातील हाताचे सुख आणि स्वराचा काही मोकळेपणा स्वीकारला, आणि १९४४ चा अनुभवही टाकून दिला नाही. पुरातन म्हणवणाऱ्या रूपांपेक्षा या प्रमाण रूपातच जुन्या घडणीची अधिक डोळस चिकित्सा घडली आहे, असे म्हणणे भाग पडते.