रेघेविना दरवाजा

मोटारीच्या दरवाजावर हल्ली रेघ असतेच. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत पत्र्याला धारदार मोड दिला की गाडीला रुबाब येतो. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने नोव्हेंबर 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात नव्याने घडवलेली ‘माझदा 3’ मांडली, तेव्हा हॅचबॅकच्या बाजूवरून ही रेघच काढून टाकली होती. आपल्याकडे हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे ओळखीचं. ही गाडी मात्र इथे विकायला आलेली नाही.

रेघ गेली म्हणून बाजू सपाट झाली नाही. पुढच्या चाकावरचा फुगवटा दारापाशी आत वळतो आणि मागच्या चाकाकडे पुन्हा बाहेर येतो. हा बाक इतका हळुवार आहे की उभ्या गाडीत तो चटकन जाणवत नाही. गाडी सरकली की आभाळाचं नि रस्त्याचं प्रतिबिंब दारावरून नागमोडी वळत, ताणत, निमुळतं होत जातं, आणि तेव्हा कुठे आकार कळतो. डिझाइनर यासुताके त्सुचिदा यांच्या चमूचं हे धाडस मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण इथे चूक लपवायला जागाच नाही. पत्र्याला किंचित लहर राहिली तरी प्रतिबिंब तिथे अडखळणार.

मग सगळा भार रंगावर येतो. ‘सोल रेड क्रिस्टल’ हा गाजलेला लाल रंग आधीच माझदाच्याच सीएक्स-5 या गाडीवर आला होता. पण त्याला शोभणारं अंग मिळालं ते इथे. वर पारदर्शक थर, मध्ये अर्धपारदर्शक लाल, आणि तळाशी ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या. त्यांच्या जोडीला प्रकाश गिळणाऱ्या चकत्याही. समोरून आलेला उजेड तळापर्यंत जाऊन परततो, म्हणजे लालातून दोनदा गाळला जातो, आणि पत्रा पेटल्यासारखा दिसतो. तिरक्या बाजूला तोच उजेड आत मुरतो आणि लाल काळपट, खोल होतो. एकाच दारावर या दोन्ही छटा शेजारी नांदतात. रंगाचा थर जाडीला जरा कमीजास्त झाला तर छटा बिघडते. म्हणून कसबी रंगाऱ्याच्या हाताची चाल कंपनीने रोबोंना शिकवली.

या रूपाची किंमत छत पेलणाऱ्या मागच्या खांबाने वसूल केली आहे. हॅचबॅकचा तो खांब देखणा खरा, पण फारच जाड. मागे बसणाऱ्याला उजेड कमी आणि चालवणाऱ्याला मागचं कमी दिसतं. 2020 मध्ये जागतिक मोटार-डिझाइनचा पुरस्कार मिळवलेल्या गाडीतली ही उणीव मला खटकते.

पुढची सीट मात्र मन जिंकते. माणूस चालतो तेव्हा त्याचं कटीचं हाड ताठ असतं, पाठीच्या कण्याला नैसर्गिक दुहेरी बाक असतो आणि म्हणून डोकं स्थिर राहतं. साध्या सीटवर बसलं की कटी मागे कलंडते, कण्याची कमान होते, आणि दोन तासांत कंबर बोलू लागते. इथे सीटच्या पाठीचा खालचा भाग कटीला टेकू देतो, वरचा बरगड्यांना सावरतो. सीटची चौकटही अधिक कडक केली आहे. शिवाय बैठकीचा कल बदलता येतो. त्यामुळे माणूस बुटका असो की उंच, मांडी अधांतरी राहत नाही आणि पेडलवरचा पाय मोकळा राहतो.