टिळकांची आगगाडी, लक्ष्मीबाईंची चूल

आमच्या परभणीकडे चर्चमध्ये पेरणाऱ्याचा दाखला वाचला की तो समजावून सांगावा लागत नाही. वाट, खडक, काटे, चांगली जमीन. ऐकणाऱ्या निम्म्या लोकांच्या रानात सोयाबीन नाहीतर कापूस असतो. प्रवचनाचा शेवटही ठरलेला असतो: देवाच्या वचनासाठी मन उघडा. ते उघडतं कसं, आणि त्याला किती वेळ लागतो, हे मला प्रवचनापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त जास्त नीट कळलं.

तरुणांच्या शिबिरात साक्ष देताना बहुतेक जण तारीख सांगतात. अमुक दिवशी मी मन उघडलं. माझ्याकडे अशी तारीख नाही. म्हणून हे पुस्तक मी जरा स्वार्थानेच वाचलं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट साक्षीच्या साच्यात बरोबर बसते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटतो, नवा करार हातात देतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करतो. टिळक वाचत जातात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकतात, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. आमच्या धंद्यात याला ‘हॅपी पाथ’ म्हणतात: सगळं सुरळीत झालं तर प्रोग्रॅम असा चालेल. टिळकांना आत किती झगडावं लागलं ते खरंच आहे, पण प्रवचनात उरते ती फक्त आगगाडी.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आगगाडी नव्हती. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात त्या वाढल्या, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं, आणि एक दिवस नवरा धर्माबाहेर गेल्याची बातमी आली. मग काही वर्षं ताटातूट. पुढे त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो. वचन त्यांच्या कानावर रोज पडत असणार, पण त्या आधी भांडतात, रडतात, नवऱ्याची टिंगल करतात. मग जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न त्यांना पडतो. तो सुटतो आणि कुणाच्याही हातचं पाणी चालायला लागतं. बाप्तिस्मा त्याच्या नंतरचा, 1900 सालचा. म्हणजे मनाच्या आधी माठ उघडला.

मे महिन्यात आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रान मेलंय असं परक्याला वाटतं. पहिला पाऊस मात्र त्या भेगांतूनच खोल उतरतो. लक्ष्मीबाईंची ती मधली वर्षं मला तशी दिसतात, आणि दाखल्यातली चांगली जमीन जन्मतः चांगली असते हे मला आता पटत नाही.

पुस्तकाबद्दल तक्रारही आहे. लक्ष्मीबाई विनोदाच्या आड फार लपतात. टिळक घरातली वस्तू उचलून कुणालाही देऊन टाकतात, त्यावर आपण पोट धरून हसतो. पण त्या एकट्या असताना प्रार्थनेत काय म्हणत होत्या, हे फारसं हाती लागत नाही. धर्मशास्त्राची चर्चा तर जवळजवळ नाहीच. अर्थात ती असती तर मी पानं उलटली असती, हेही खरं.

वचन चुलीपाशी येतं ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. त्यांचा विठ्ठल जात्याशी येऊन बसतो. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं ते याच वारकरी वळणाने. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना ती बाहेरून आणलेली वाटत नाहीत. फोनवर रोज सकाळी सात वाजता येणारं वचन मी अंगठ्याने सरकवतो तेव्हा हा फरक जाणवतो. ते माझ्या कुठल्याच कामाशी येऊन बसत नाही.

टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं होतं. त्यांनी थोडेच अध्याय लिहिले होते. पुढचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले.